मनाला हाक कशी मारायची

लाडक्या चिऊ,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, तिन्हीसांजेला आजी टीव्ही बंद करून, दिवा लावून 'मना, मना' असं कुणाशी बोलते? स्वतःच्याच मनाशी?" मी कामावर होते, उत्तर राहून गेलं.

हो गं, स्वतःच्याच मनाशी. ते मनाचे श्लोक, समर्थ रामदासांचे, एकूण 205. रामदास 1620 च्या सुमारास नाशिकला आले तेव्हा तुझ्याएवढेच होते, बारा वर्षांचे! पुढची बारा वर्षं ते टाकळीला राहिले. नासर्डी गोदावरीला मिळते तिथे, पाण्यात उभं राहून जप करायचे असं सांगतात. आजीला म्हण, मला आगर टाकळीला ने. तिथला मारुती शेणाचा आहे, गोमय मारुती.

नमनाचा श्लोक झाला की पहिलीच हाक येते 'मना सज्जना'. मला ती फार आवडते. बिथरलेल्या मनाला दटावलं की ते आणखी हट्टाला पेटतं. इथे त्याला आधी सज्जन म्हटलंय, मग चार गोष्टी सांगितल्यात.

माझे बाबा, तुझे आजोबा, गेले त्या डिसेंबरात मला नाशिकला पोचता आलं नाही. एडिनबरात पावणेचारलाच अंधार पडायचा. रडू येत नव्हतं, नुसता छातीवर दगड. शांत राहायचं म्हणजे रडू गिळायचं, असंच मी समजत होते. एका संध्याकाळी निरांजन लावलं आणि लहानपणी पाठ झालेले श्लोक म्हणू लागले. तिसऱ्या-चौथ्या श्लोकालाच बांध फुटला. खूप रडले. मग वरणभात लावला आणि आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

आज आजीच्या श्वासाकडे लक्ष दे. ओळीत बारा अक्षरं, आणि एक ओळ एका श्वासात सावकाश जाते. श्वास असा हळू सुटला की काळजाचे ठोकेही मंदावतात. देवावर विश्वास असो-नसो, शरीराला ते कळतं.

इथे सध्या रात्री दहाला सूर्य मावळतो, तिन्हीसांज सापडतच नाही. म्हणून मी सातलाच भर उजेडात दिवा लावते. तुझ्याकडे तेव्हा साडेअकरा, तू झोपलेली असतेस.

श्लोक येत नसले तरी आजीजवळ नुसती बस. आणि मामेभावाशी अबोला धरलायस ना, तो सुटला का, ते कळव.

तुझी,
आई