यहूदाच्या मनात सैतान शिरला, तर मग दोष यहूदाचा कसा?

तुम्ही विचारलंय की येशूला शत्रूंच्या हाती धरून देणारा त्याचा शिष्य यहूदा इस्कार्योत याच्यात सैतान शिरला असं बायबलच सांगतं, येशूचं मरणही आधीच ठरलेलं होतं म्हणतात, मग यहूदाला दोन हजार वर्षं दूषणं कशासाठी? आणि तीस नाण्यांसाठी आपल्या गुरूला कोण विकेल? शेवटी, यहूदाला क्षमा मिळाली का?

मी ख्रिस्ती घरात वाढलो आणि आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, नऊ वर्षं खजिनदार होतो. खजिनदारीचं मुद्दाम सांगतोय, कारण यहूदाकडेही तेच काम होतं. बारा शिष्यांच्या पैशाची डबी त्याच्याजवळ असायची.

लहानपणी संडे स्कूलच्या चित्रांत यहूदा लगेच ओळखू यायचा. इतरांचे चेहरे उजळ, याचा काळवंडलेला, नजर तिरपी, मुठीत थैली. त्या चित्रांनी आमचं नुकसान केलं असं मला आता वाटतं. शुभवर्तमानं, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांनी लिहिलेली येशूची चरित्रं, नीट वाचली तर त्याला कुणीच ओळखलं नव्हतं. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू म्हणाला, तुमच्यातला एक जण मला धरून देईल, तेव्हा कुणीही यहूदाकडे बोट दाखवलं नाही. प्रत्येक जण घाबरून विचारू लागला, ‘प्रभू, मी तर नाही ना?’ यहूदा उठून बाहेर गेला तेव्हाही बाकीच्यांना वाटलं, डबी याच्याकडे आहे, सणाचं काही आणायला चालला असेल, नाहीतर गरिबांना काही द्यायला. तीन वर्षं एका ताटात जेवलेल्या अकरा जणांना त्याच्याविषयी वाईट सुचलंसुद्धा नाही. दुष्टपणा चेहऱ्यावर लिहिलेला असता तर काम सोपं होतं.

या गोष्टीची सुरुवात तीस नाण्यांच्या सौद्यापासून होत नाही. थोडं मागे यरुशलेमजवळच्या बेथानी गावी जावं लागतं. तिथं भोजनाच्या वेळी मरीया नावाच्या एका शिष्येनं जटामांसीचं अतिशय महागडं सुगंधी तेल येशूच्या पायांवर ओतलं आणि आपल्या केसांनी ते पाय पुसले. घर सुगंधानं भरून गेलं. यहूदा म्हणाला, हे तीनशे दिनारांना विकून गरिबांना का दिलं नाही? एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोजगार, म्हणजे जवळजवळ वर्षाची कमाई. बोलणं बिनतोड होतं. सभेत उठून कुणी असं बोललं तर आजही माना डोलतील. पण योहान लगेच पुढं लिहितो की त्याला गरिबांची काळजी होती म्हणून तो हे बोलला नाही, तो चोर होता, डबीत जे पडे त्यातलं काढून घेत असे.

या ओळीपाशी मी दर वेळी थांबतो. डबीत मुळात असणार किती? फिरत्या गुरूच्या बारा-तेरा माणसांचा खर्च, काही स्त्रिया आपल्या मिळकतीतून मदत करायच्या, त्यातूनच दानधर्म. त्यातून काढून काढून काय काढणार, एखादं-दुसरं नाणं. पण रोज काढलं की मनात एक कप्पा तयार होतो, ज्यात आपण आणि आपला पैसा सोडून दुसऱ्या कुणाला प्रवेश नसतो. येशूलाही नाही.

हे पुस्तकातून शिकून सांगत नाही. एका वर्षी कापणीच्या सणाचं दान शनिवार-रविवार माझ्या घरी होतं. मुलीची फी भरायची होती, पगाराला बारा दिवस होते. त्यातले सहा हजार मी घेतले आणि पगार झाल्यावर परत ठेवले. कुणाला कळलं नाही, मंडळीचा एक पैसा बुडाला नाही. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. पण काही महिन्यांनी पुन्हा तशीच वेळ आली आणि तेव्हा झोप लागली. घाबरलो तो त्या झोपेला. पैसे घेण्यापेक्षा ते भयंकर होतं. सकाळी उठून पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांच्याकडे पुन्हा येतो.

बायबलातल्या इफिसकरांच्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो, सैतानाला वाव देऊ नका. ‘वाव’ हा शब्द मला अगदी नेमका वाटतो. आपल्या डोक्यात सैतान म्हणजे अंगात येणारं काहीतरी असतं, माणसाचं भान हरपतं आणि तो भलतंच करून बसतो. शुभवर्तमानात भूतग्रस्त माणसं आहेत, पण त्यांना कुणी दोषी ठरवत नाही. येशू त्यांना बरं करतो. यहूदाचं तसं नाही. योहानाचा तेरावा अध्याय सावकाश वाचा. सुरुवातीला लिहिलंय की येशूला धरून देण्याचा विचार सैतानानं यहूदाच्या मनात घातला होता. सैतान त्याच्यात शिरला हे मात्र पंचवीस ओळींनंतर येतं. मधल्या वेळात काय झालं? येशूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. यहूदा तेव्हा तिथंच होता, म्हणजे त्याचेही धुतले. मग घास बुडवून स्वतःच्या हातानं त्याला दिला. त्या काळच्या जेवणात असा घास देणं हे जवळिकीचं लक्षण. तो घास घेतल्यावर सैतान शिरला, आणि यहूदा लगेच बाहेर पडला. योहान एवढंच लिहितो: तेव्हा रात्र होती.

म्हणजे विचार येणं आणि तो आत येऊन बसणं यात अंतर आहे, आणि त्या अंतरात येशू पायाशी बसलेला आहे. सैतानानं दार फोडलं नाही. ते कित्येक दिवस आतून किलकिलं ठेवलेलं होतं. याकोबाच्या पत्रातही हाच क्रम दिसतो: माणूस स्वतःच्याच वासनेनं ओढला जातो, मग वासना गर्भवती होते, पापाला जन्म देते, आणि पाप वाढलं की मरणाला. बायबलातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची गोष्ट येते. जमीन विकून सगळी किंमत आणल्याचा आव आणला आणि काही रक्कम मागे ठेवली. येशूचा शिष्य पेत्र हनन्याला विचारतो, सैतानानं तुझं मन का भरलं? आणि त्याच दमात म्हणतो, जमीन तुझीच होती ना, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते ना? सैतानाचं नावही घेतलं आणि माणसाची मोकळीकही काढून घेतली नाही. यहूदाच्या बाबतीत तुम्हाला जी विसंगती दिसते ती शास्त्र लिहिणाऱ्यांना दिसत नव्हती असं नाही. त्यांनी दोन्ही गोष्टी जाणूनबुजून शेजारी ठेवल्या आहेत.

आता ‘आधीच ठरलेलं’ याविषयी. मार्कात येशू स्वतःविषयी म्हणतो की मनुष्याच्या पुत्राविषयी जसं लिहिलंय तसा तो जातो, पण ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्याची केवढी दुर्दशा! नव्या करारातला ‘धरून देणे’ हा शब्द फक्त यहूदापुरता नाही. मूळ ग्रीकमध्ये यहूदा येशूला मंदिराच्या याजकांच्या हाती देतो, याजक रोमी सुभेदार पिलाताच्या हाती देतात, पिलात वधस्तंभावर खिळण्यासाठी देतो, सगळीकडे तेच क्रियापद आहे. देवानं आपल्या पुत्राला आपल्यासाठी दिलं असं पौल रोमकरांना लिहितो, तिथंही तेच. कृती एकच, पण प्रत्येकाच्या मनात काय होतं ते पाहा. यहूदाला पैसा हवा होता. याजकांना हेवा होता, हे पिलातालाही कळलं होतं असं मार्क लिहितो. पिलाताला जमाव खूश ठेवायचा होता. देवानं दिलं ते प्रेमानं. देवानं यांच्या दुष्टपणातूनही तारण घडवलं म्हणून यांचा हेवा किंवा हाव पवित्र होत नाही. विहिरीत ढकललेला माणूस आत पाण्याचा झरा शोधून वर आला, तरी ढकलणाऱ्यानं झऱ्याचं श्रेय मागू नये.

तीस नाणी थोडी होती का? मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदा स्वतः जाऊन विचारतो, मला काय द्याल? याजक तीस रौप्य नाणी तोलून देतात. ती चार-चार दिनारांची धरली तर एकशेवीस दिवसांची मजुरी होते. अगदीच क्षुल्लक नाही, पण मरीयेच्या तेलाच्या निम्मीही नाही. शिवाय मोशेच्या नियमशास्त्रात बैलानं कुणाचा दास मारला तर मालकाला तीस शेकेल द्यावेत असं आहे. ही एका दासाच्या जिवाची भरपाई होती. यहूदाला क्रांती हवी होती, येशूला लढायला भाग पाडायचं होतं, असंही काही जण मांडतात. पण शुभवर्तमानात त्याच्या तोंडी तसा एक शब्द नाही. पैशाचा प्रश्न मात्र आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ‘यहूदाच्या शुभवर्तमाना’त तो गुरूचा आज्ञाधारक दिसतो, पण ते लेखन दुसऱ्या शतकातल्या एका वेगळ्या पंथाचं आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. यहूदाच्या नावावरून ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतकं यहुदी समाजाला लोभी आणि दगाबाज ठरवून छळलं. हे आमच्या लोकांचं घोर पाप आहे. येशू यहुदी, त्याची आई मरीया यहुदी, अकराही शिष्य यहुदी, आणि त्यांच्यातही यहूदा नावाचा दुसरा एक होताच. 1965 साली कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं स्पष्ट सांगितलं की येशूच्या मरणाचा ठपका साऱ्या यहुदी लोकांवर ठेवता येत नाही. फार उशिरा सांगितलं.

माझ्या मते वाईटाचं सगळ्यात भयंकर काम मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे, आणि उपदेशांत ते सहसा राहून जातं. येशूला दोषी ठरवलेलं पाहून यहूदाला पस्तावा झाला. तो तीसही नाणी घेऊन याजकांकडे परत गेला. म्हणाला, मी पाप केलं, निर्दोष रक्त धरून दिलं. लोभी माणूस पैसे परत करतोय आणि तोंडानं कबूलही करतोय, आणखी काय करायचं असतं पश्चात्तापात? याजकांनी उत्तर दिलं, ‘त्याचं आम्हाला काय? तुझं तू पाहा.’ ज्यांचं कामच पाप्याला देवाजवळ आणण्याचं, त्यांनी हे म्हटलं. त्यानं नाणी मंदिरात फेकली आणि जाऊन गळफास घेतला. आणि तेच याजक पुढं नियम पाहतात की हा रक्ताचा पैसा, दानकोशात टाकणं बरोबर नाही. मग त्यातून परक्यांना पुरायला कुंभाराचं शेत घेतात.

येशूला धरलं त्याच रात्री पेत्रानंही त्याला तीनदा नाकारलं होतं. कोंबडा आरवला आणि तो बाहेर जाऊन मोठ्या दुःखानं रडला. पुढं तिबिर्या सरोवराच्या काठी येशूनं त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का? येशू मेलेल्यांतून उठला त्या तिसऱ्या दिवसापर्यंत पेत्र इतर शिष्यांबरोबर थांबला होता. यहूदा एकटा होता, आणि ज्यांच्याकडे गेला त्यांनी त्याला तसाच परत पाठवला. आधी लोभाच्या वेळी ‘एवढ्यानं काय होतं’ म्हणणारा आवाज, पापानंतर ‘आता तुझं काही होणार नाही’ म्हणतो. दोन्ही आवाज एकाचेच, असं मी मानतो.

मी त्या सकाळी पाळकसाहेबांकडे गेलो तेव्हा ते ‘तुझं तू पाहा’ म्हणाले नाहीत. त्यांनी चहा केला, सगळं ऐकलं, मग वही उघडून दोन्ही वेळच्या रकमा माझ्याच हातानं लिहून घेतल्या आणि पुढच्या पंचकमिटीत माझ्या शेजारी बसले. तेव्हापासून आमच्याकडे दान दोघं जण मिळून मोजतात. मी पुढं आणखी चार वर्षं ते काम केलं.

तुम्ही शेवटी विचारलंत, यहूदाला क्षमा मिळाली का. कॅथलिक मंडळी कित्येकांना संत ठरवते, पण अमुक एक माणूस नरकात आहे असं तिनं अधिकृतपणे आजवर कुणाबद्दलच जाहीर केलेलं नाही, यहूदाबद्दलही नाही. फ्रान्समध्ये व्हेझले गावी बाराव्या शतकातलं एक चर्च आहे. तिथल्या एका खांबाच्या माथ्यावर एका बाजूला फासाला लटकलेला यहूदा कोरलाय. दुसऱ्या बाजूला एक माणूस त्याचं प्रेत खांद्यावर टाकून निघालाय. तो येशूच, चांगला मेंढपाळ, असं काही जण मानतात. मेंढपाळ चुकलेलं मेंढरू जसं उचलतो, तसं त्यानं ते उचललंय.