वाचकांचे प्रश्न : परमिट रूम, टपाल आणि मामांची ट्रंक

प्रश्न : माझे मामा गेल्या वर्षी वारले. ते आयुष्यभर अविवाहित राहिले. पंचवटीतील जुन्या घराची आवराआवर करताना त्यांच्या ट्रंकेत ‘बॉम्बे दोस्त’ या समलिंगी व्यक्तींसाठीच्या नियतकालिकाचे तीन अंक आणि खाकी पाकिटांतील काही पत्रे सापडली. परदेशांत लहान शहरांतही समलिंगी स्त्री-पुरुषांचे बार असत, असे वाचले आहे. नाशिकमध्ये तसे काही असणे शक्य होते का? आणि या पत्रांचे काय करावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपण ती पत्रे रद्दीत घातली नाहीत, याबद्दल प्रथम मनापासून आभार.

अमेरिकेत १९३३ साली दारूबंदी उठली आणि घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहून नोकरी करणाऱ्या समलिंगी तरुणांना बारमध्ये एकमेकांना भेटता येऊ लागले. बफेलो या कारखान्यांच्या शहरात १९४० व १९५० च्या दशकांत समलिंगी कामगार स्त्रियांनी काही बार आपलेसे केले होते. पोलिसांच्या धाडी सर्वत्रच पडत. २८ जून १९६९ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या ‘स्टोनवॉल इन’मधील गिऱ्हाइकांनी अशाच एका धाडीला तोंड दिले आणि तेथून समलिंगी हक्कांच्या चळवळीला बळ मिळाले.

आपल्याकडची परिस्थिती अगदी वेगळी होती. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्याला परवाना आवश्यक केला आणि त्यातूनच ‘परमिट रूम’ हा शब्द रूढ झाला. तेथे उजेड अंधूक असला, तरी शेजारच्या टेबलावर आपल्याच आळीतले काका बसलेले असण्याची भीती असे; बाईमाणसाने एकटीने आत पाऊल टाकणे तर दूरच. सातपूर-अंबडला कारखाने आले, पण नाशिकचा मुलगा कामावरून परत आई-वडिलांच्याच घरी येत असे. त्यावर १८६० च्या दंडसंहितेतील, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ ची टांगती तलवार होती. माझ्या मते, कायद्याइतकाच हा घराचा आणि आळीचा धाक बारच्या आड आला.

म्हणून आपल्या शहराचा हा इतिहास टपालात आणि रेल्वेत शोधावा लागतो. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केले. १९९४ मध्ये समलिंगी पुरुषांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आणि १९९५ मध्ये स्त्रियांसाठी ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला. त्याच दशकात कुलाब्याच्या ‘वूडू’ पबमध्ये शनिवारी रात्री समलिंगी पुरुष जमत. नाशिककराला मात्र तेथे जायचे म्हणजे रात्र बाहेर काढणे आलेच, कारण परतीची पंचवटी एक्स्प्रेस संध्याकाळीच सुटते. मग घरी सांगायला कोणाचे तरी लग्न किंवा ऑफिसचे काम शोधावे लागे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले, तेव्हा ही पिढी उतारवयाला लागली होती.

बफेलोचा इतिहास आज वाचता येतो, तो दोन संशोधक स्त्रियांनी १९७८ पासून तेथील वृद्ध स्त्रियांच्या आठवणी टिपून घेतल्या म्हणूनच. आपली पत्रेही त्याच मोलाची आहेत. त्यांना लॅमिनेशन करू नका, टाचण्या काढा आणि पत्रे पाकिटांसह कोरड्या जागी ठेवा. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये अशा कागदपत्रांचा संग्रह आहे. तेथे विचारणा करता येईल. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे मात्र तूर्त कोणालाही, अगदी घरच्यांनाही दाखवू नका. त्यांच्यापैकी कोणी आजही याच शहरात नातवंडांना शाळेत सोडायला जात असेल.