खरखर कसली, ते आधी ऐका

बहुतेक पत्रांत एकच वाक्य असतं, ‘जुनी रेकॉर्ड खरखरते, काय करू?’ खरखर सलग आहे की तुटक, हे मात्र कुणी लिहीत नाही. ज्यांनी लिहिलं, त्यांना उत्तरं.

मिनिटाला 78 फेऱ्यांच्या रेकॉर्डवर सतत ‘सऽऽ’ ऐकू येतं. झिजली का?

आधी सुई बघा. 78 ची खाच रुंद असते, तिला साधारण 75 मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची, म्हणजे मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या व्हिनाइल रेकॉर्डची, सुई सुमारे 25 मायक्रॉनची. ती थेट तळाशी उतरते आणि तिथली धूळच वाजवते. सुई योग्य असूनही थोडी ‘सऽऽ’ राहणारच, कारण 78 ची रेकॉर्ड लाखेची असते आणि त्या लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते.

ठरावीक वेळाने ‘टक्’ होतं.

चरा. 78 वर सेकंदाला 1.3 वेळा, एलपीवर दर 1.8 सेकंदांनी. दोन्ही बाजूंना एकाच जागी ठोका पडत असेल तर बहुधा तडा आहे, वाजवू नका.

कुठलीही रेकॉर्ड लावली तरी खालून घरघर येते.

मग रेकॉर्डला कशाला बोल लावता? मोटर किंवा बेअरिंग. सुई उचलूनही गुणगुण राहिली तर अर्थिंग. मेकॅनिक बोलवा.

विक्रेता म्हणतो, स्पिरिटने पुसा, आवाज स्वच्छ होईल. पुसू का?

नाही! हेच मी दर वेळी लिहितो. फर्निचरला पॉलिश करणारा लाख कशात विरघळवतो? स्पिरिटमध्येच. तेच तुम्ही लाखेच्या रेकॉर्डवर फिरवणार! खाचांच्या कडा मऊ होतात, चकाकी जाते, आणि गेलेला आवाज कुठल्याही उपायाने परत येत नाही. बाटलीवर ‘सर्व रेकॉर्डसाठी’ छापलेलं असलं तर ती आधी खाली ठेवा. एडिसनच्या जाड डायमंड डिस्कच्या गाभ्यात लाकडाचा भुसा असतो, तिला साधं पाणीही सोसत नाही. मग एकच द्रव सगळ्यांना कसा चालेल? शेजाऱ्याची रेकॉर्ड ‘छान निघाली’ म्हणता, ती व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकची असेल. आपली कशाची आहे हे ओळखता येत नसेल, तर मऊ ब्रशने धूळ झाडा आणि जाणकाराला दाखवा.

रेकॉर्डवर पांढरी भुकटी आलीय. बुरशी का?

असेलच असं नाही. लॅकरच्या (ही लाख नव्हे, तबकडीवरचा वेगळा थर) रेकॉर्डमधलं एरंडेल विघटित होऊन आम्ल वर येतं. पुसू नका, वाजवू नका, थांबूही नका. लॅकरचा थर सुटला की संपलं. जतनाचं काम करणाऱ्याकडे याच आठवड्यात न्या.

ॲपने सगळी खरखर काढून टाकली. बरोबर ना?

सनईची धारही गेली असेल, नीट ऐका. मूळ आवाज न छाटता साठवलाय ना? नसेल तर पुन्हा उतरवा, मग प्रतीवर काय ते प्रयोग करा.