फिनलंड-कॅनडासारखं हार्वेस्टर मशीन बेळगाव भागात लाकूडतोडीला का येत नाही? चेनसॉ घेऊन या धंद्यात उतरावं का?

तुम्ही विचारलंय की व्हिडिओत ते हार्वेस्टर मिनिटभरात झाड धरतं, कापतं, फांद्या साफ करतं आणि तुकडे पाडून ठेवतं, मग आपल्याकडे अजून चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत) आणि दोरखंडच कसे, आणि वर तुम्हाला स्वतः मशीन घेऊन या लायनीत यायचंय. मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचा. मामांची तोडीची टोळी आहे, मी मापं आणि हिशेब बघतो आणि माणूस कमी पडला की दोराला हात लावतो. त्यामुळे जे रोज बघतोय तेच लिहितो.

पहिलं हार्वेस्टरचं. पैसा नाही म्हणून येत नाही असं सगळे म्हणतात आणि ते काही खोटं नाही, कोटींच्या घरातलं काम आहे ते. पण उद्या कोणी फुकट आणून दिलं तरी आमच्याकडे ते उभंच राहील. त्याच्या तोंडात जे रोलर आणि सुऱ्या असतात ना, त्यातून खोड सरळ सरकत गेलं पाहिजे, थंड देशांतल्या पाइन-स्प्रूस झाडांसारखं सरळसोट. आमच्याकडचा फणस घ्या नाहीतर जांभूळ, माणसाच्या उंचीवर दोन फाटे, पुढे वाकडं, मध्येच गाठ. ब्राझीलमध्ये नीलगिरीला हेच मशीन चालतं, साल पण तेच सोलतं, पण तिथे एकाच वयाच्या नीलगिरीची रानंच्या रानं आहेत. इथे कोणाच्या बांधावर चार सागवान, कोणाच्या परड्यात एक आंबा, नीलगिरी असली तर एक-दोन एकर, आणि तिथवर जायला बैलगाडीची वाट. शिवाय नीलगिरीचा बुंधा नीट ठेवला तर परत फुटतो, म्हणून मालक सांगतो जमिनीलगत कापा, साल फाटू देऊ नका. वीस टनी मशीन त्या बुंध्यांवरून फिरवायला कोण देणार?

आणि मुळात आमचं काम कापण्यात अडकत नाही हो. बाहेरून बघणाऱ्याला चेनसॉचा आवाजच ऐकू येतो म्हणून वाटतं तेच काम. झाड पडायला काही मिनिटं लागतात, पण तोच ओंडका नाल्यातून वर काढून ट्रकात चढवायला अर्धा दिवस जातो. दोन फूट जाडीचा दहा फूट लांब ओला ओंडका धरा, आठ-नऊ क्विंटलच्या आसपास भरतो. क्रेन किंवा जेसीबी जिथे पोचतो तिथे ठीक, नाही पोचत तिथे जुनीच पद्धत. ट्रकाच्या फाळक्याला दोन जाड बल्ल्या तिरक्या लावायच्या, ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दोर, त्याचं एक टोक ट्रकावर बांधायचं, दोर ओंडक्याच्या खालून घेऊन दुसरं टोक परत वर, आणि वरची माणसं ओढतात तसा ओंडका बल्ल्यांवरून गडगडत वर चढतो. असा दोर घातला की जोर निम्माच लागतो, म्हणून पाच-सहा माणसांत जमतं. दोन्ही बाजूचे दोर सारखे ओढले गेले पाहिजेत, एक बाजू पुढे गेली की ओंडका तिरका होतो आणि मग खाली पहार घेऊन उभा असलेला माणूस पळतो. त्या जागेवर मामा नवीन पोराला कधीच उभं करत नाहीत. त्यामुळे आमच्याकडे जे यांत्रिकीकरण खरंच झालंय ते कापण्याचं नाही, भरण्याचं. ट्रॅक्टरला विंच (दोर गुंडाळून ओढणारं यंत्र) आली, हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) आली, आणि टोळी बारा-पंधरा माणसांवरून निम्म्यावर आली.

आता चेनसॉ. तुम्ही मशीनचा सीसी विचारलाय, पण मी म्हणतो आधी कानस बघा. चांगला मशीनवाला ओळखायचा तो चहाच्या वेळेला. बाकीचे बिडी ओढतायत आणि हा बुंध्यावर मशीन टेकवून एकेक दात घासतोय, एकाच दिशेने, पुढे ढकलायचं, मागे येताना उचलायचं, प्रत्येक दाताला तेवढेच हात. मोठ्या थ्री-एट्थ चेनला (म्हणजे कड्यांचं माप ३/८ इंच) ५.२ मिलीमीटरची गोल कानस, .३२५ इंचवालीला ४.८ ची, कोन साधारण ३० अंश. धार आहे की नाही हे भुशावरून कळतं, तुकडे-तुकडे पडले तर धार आहे, पिठासारखी पडली तर माणूस मशीनवर ओणवा होऊन जोर लावतोय आणि बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, जाळतोय. (हा दात एका अळीवरून सुचलाय, बरं का. अमेरिकेत ओरेगॉनमधल्या जोसेफ कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणारी अळी डावीकडे-उजवीकडे कशी कातरत जाते ते बघितलं आणि १९४७ मध्ये तशी चेन बाजारात आणली. आज जगभर त्याच धर्तीची चेन चालते.) बांधावरच्या झाडाचं अजून एक, जुन्या कुंपणाची तार खोडाच्या पोटात गेलेली असते. वरून दिसत नाही, चेन लागली की ठिणगी उडते आणि सगळे दात गेले. जुने लोक आधी सालीला कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू मारून आवाज ऐकतात, पण खोल गेलेली तार त्यालाही सापडतेच असं नाही.

कायद्याचं थोडक्यात. जंगल खात्याच्या रानात आपण हातही लावायचा नाही, आणि आमच्या तालुक्यात तर २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे. आम्ही जे करतो ते मालकीच्या जमिनीतलं. कर्नाटकात १९७६ चा झाडं राखण्याचा कायदा आहे, स्वतःच्या शेतातलं झाड असलं तरी परवानगी लागते. नीलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक, सुबाभूळ असल्या झाडांना सूट आहे. सागवान, शिसम म्हटलं की अर्ज, पाहणी, ओंडक्यावर शिक्का, वाहतुकीचा पास, सगळं आलं. शिनोळीकडून चंदगडचा माल बेळगावच्या वखारीत आणायचा तर महाराष्ट्राचा पास. अर्ज कन्नडात, पलीकडचा मराठीत, आणि ट्रक दोन्हीकडे थांबलेला. कागद हातात आल्याशिवाय टोळी न्यायची नाही, कारण माणसं बसून राहिली तरी जेवणाचा खर्च चालूच असतो.

पैसे कशात असतात ते मापात कळतं. वखारीत घेर मोजतात, घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग, गुणिले लांबी. ४८ इंच घेर, दहा फूट लांबी म्हणजे १२ गुणिले १२ गुणिले १०, भागिले १४४, झाले १० घनफूट. खरं घनफळ काढलं तर पावणेतेराच्या जवळ जातं. करवतीत कडेचे गोल काप वाया जातात म्हणून हे माप, सगळीकडे चालतं, फसवणूक नाही. पण शेतकऱ्याशी सौदा करताना कुठल्या मापाने बोलतोय ते आधी सांगा, नाहीतर शेवटी भांडण ठरलेलं. पेपर मिलला जाणारी नीलगिरी-अकेशिया टनावर जाते, तिथे उलटं, सोलून उन्हात पडलं की वजन उतरतं, म्हणून कापल्यावर ट्रकाची वाट बघणं म्हणजे पैसे वाळत घालणं. साल सोलायचं काम बहुतेक बायकाच करतात, कोयत्याने, आणि त्यांचा रोज सगळ्यात कमी असतो. मला ते पटत नाही, मामांशी वाजतं पण अजून तसंच आहे.

दिवाळीनंतर सीझन सुरू, मे संपेपर्यंत. घाटाकडच्या कणकुंबीचा धुवांधार पाऊस तुम्हाला माहीत असेल तर पावसाळ्यात काम का बंद ते सांगायला नको. पण त्याच महिन्यांत ऊसतोडही असते, त्यामुळे माणसं मिळायला उचल द्यावी लागते, आणि उचल घेऊन माणूस दुसऱ्या टोळीत गेला असं दरवर्षी होतंच. पगाराची उतरंड साधी आहे, स्वतःचं मशीन असलेल्याला सगळ्यात जास्त, मग लोडर, मग हेल्पर.

अंगाचं म्हणाल तर कान जातात आधी. मशीन कानाशी शंभर डेसिबलच्या वर ओरडतं आणि आमच्यात कानाला लावणारे मोजकेच. जुन्या मशीनवाल्यांची बोटं थंडीत पांढरी पडून बधिर होतात, ते कंपनामुळे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट पडून दुसऱ्या झाडाला अडकलेलं झाड, घाटाकडे वेलींमुळे हे फार होतं. त्याच्या खाली जायचंच नाही, लांबून दोर लावून ओढायचं. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लावायचा नाही, मशीन सरळ तोंडावर उसळतं. हेल्मेट उकडतं म्हणून घालत नाहीत, तुम्ही घाला.

तर घ्यायचं का? एक सीझन कोणाच्या तरी टोळीत लोडर म्हणून काढा, मग ठरवा. घेतलंत तर पहिल्यांदा ४५-५० सीसीचं आणि १८ इंची बार बास, ७० सीसीवालं दिवसभर पेलायला अंग तयार व्हावं लागतं. पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल कंपनी सांगेल त्या मापाने, चांगल्या ऑइलला लिटरला २० मिली, अंदाजाने ओतायचं नाही. दोन चेन जास्तीच्या ठेवा. आणि जूनमध्ये ठेवून देताना टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला पावसाळ्यात पाणी सुटतं आणि दिवाळीला कार्बोरेटर उघडायला मेकॅनिककडे रांग लागलेली असते.