वाचक विचारतात : शांघायचा नदीकाठ आणि ससून घराणे

प्रश्न : बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीच्या कामासाठी माझा पुतण्या शांघायला जाणार असून त्याला एकच रविवार मोकळा मिळेल. त्याने काय पाहावे? तेथील ससून हाऊसचा पुण्याच्या ससून रुग्णालयाशी काही संबंध आहे काय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. संबंध आहे, आणि तो रक्ताचा आहे. बगदादहून येऊन मुंबईत स्थायिक झालेल्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्याचे रुग्णालय उभे राहिले. ह्वांगपू नदीच्या ‘बंड’ या काठावर १९२९ साली ससून हाऊस पुरे करणारे व्हिक्टर ससून हे त्यांचे पणतू. या घराण्याच्या संपत्तीत अफूचा वाटा मोठा होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई. चिनी दरबाराने हा व्यापार मोडू पाहताच ब्रिटिशांनी युद्ध पुकारले आणि १८४२ च्या नानजिंग तहाने जी पाच बंदरे खुली करून घेतली, त्यांत शांघाय होते. ज्यांना आपण दानशूर म्हणतो, त्यांच्याविषयी चिनी यजमानांपुढे गौरवाने बोलण्याआधी पुतण्याने एवढे ध्यानात घ्यावे.

बंड सकाळीच पाहावा. हिरव्या तांब्याच्या निमुळत्या छपराचे ससून हाऊस आता पीस हॉटेल आहे. जवळच १९२३ ची, पूर्वी हाँगकाँग शांघाय बँकेची असलेली घुमटाची इमारत आहे. दार उघडे मिळाले तर आत जाऊन मान वर करावी. छताच्या रंगीत तुकड्यांच्या चित्रांत बँकेच्या व्यवहाराची आठ शहरे आहेत आणि लंडन, पॅरिस यांच्या पंक्तीला कलकत्ताही बसले आहे. अनेक दशके झाकलेली ही चित्रे १९९७ साली पुन्हा उजेडात आली.

पलीकडचे पूडोंग १९९० नंतर वाढले. तेथील ६३२ मीटरचा शांघाय टॉवर अलीकडच्या काठावरूनच चांगला दिसतो, तिकीट काढून वर जाण्याची निकड मला वाटत नाही. दुपार मात्र जुन्या शहराला द्यावी. जपानी चाच्यांच्या भीतीने १५५३ साली बांधलेला त्याचा तट १९१२ मध्ये पाडला गेला, तरी त्याच्या जागी झालेला वळसेदार रस्ता नकाशावर चटकन ओळखू येतो. एका मिंग अधिकाऱ्याने वडिलांसाठी रचलेली युयुआन बाग याच भागात आहे.

खुद्द बंदर पाहण्याचा हट्ट धरू नये. नदी गाळाने उथळ असल्यामुळे मोठ्या कंटेनर जहाजांसाठी २००५ साली समुद्रातील बेटांवर यांगशान बंदर सुरू झाले. तेथे जायला सुमारे ३२ किलोमीटरचा पूल ओलांडावा लागतो आणि त्यात अर्धा दिवस सहज मोडतो.