कानाचा पडदा चांगला असूनही ऐकू कमी येतं. हाड बदलून खरंच फायदा होतो का?

तुमचं वय ३४, पडदा शाबूत, कान कधी फुटला नाही, तरी ऐकू येणं कमी कमी होत चाललंय आणि डॉक्टर म्हणतात ‘आतलं हाड बसलंय, बदलू’. होय, फायदा होतो. बावीस वर्षं कानाचीच ऑपरेशनं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं. रिकीब सगळ्यात आत, जेमतेम ३ मिलिमीटरची. ओटोस्क्लेरोसिस नावाच्या आजारात तिच्या बुडाशी नवं हाड धरतं आणि ती हलेनाशी होते. १९५२ साली न्यूयॉर्कचे कानाचे सर्जन सॅम्युएल रोझेन तेव्हाच्या पद्धतीनुसार आतल्या कानाला नवी खिडकी पाडायला निघाले होते. रिकीब घट्ट आहे ना, हे बघताना ती सुटली आणि भूल फक्त कानापुरती असलेला रुग्ण टेबलावरूनच म्हणाला, ऐकू येतंय. मग त्यांनी मृतदेहांच्या कानांवर तीच हालचाल करून हात बसवला. पण सुटलेली रिकीब पुष्कळदा पुन्हा जखडायची. १९५६ मध्ये अमेरिकेतल्याच मेम्फिसला सर्जन जॉन शीया यांनी ती काढून टेफ्लॉनची बसवली. आता आम्ही बुडाला बारीक भोक पाडून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पिस्टन, म्हणजे रिकिबीचं काम करणारी चिमुकली दांडी, बसवतो.

माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, पिठाची गिरणी चालवायच्या. घरात ऐकू येत नाही, पण गिरणी चालू असताना गिऱ्हाइकाचं बोलणं नीट कळतं, म्हणाल्या. घरच्यांना ते नाटक वाटायचं. या आजारात असंच होतं, गोंगाटात समोरचा आवाज चढवून बोलतो आणि गोंगाट स्वतः यांना फारसा जाणवत नाही. आधी कुणीतरी ‘नस गेली’ म्हणून परत पाठवलं होतं. ट्यूनिंग फोर्क (ठोकला की घुमणारा धातूचा चिमटा) कानासमोर धरला तर मंद, कानामागच्या हाडावर टेकवला तर मोठा. म्हणजे हाडातून आवाज आत नीट पोचत होता, नस शाबूत होती. ऑपरेशनमध्ये पिस्टन ऐरणीला अडकवला आणि मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, “ते भांडं हळू ठेवा हो.” सिस्टरनी हत्यारांचा ट्रे सरकवला होता. अजूनही पिस्टन बसवताना मी श्वास रोखून धरतो.

धोका मात्र समजून घ्या. शंभरात एखाद्याचा तो कान कायमचा जाऊ शकतो. काही दिवस चक्कर येते, जिभेच्या त्या बाजूची चव बदलते. मशीन लावूनही अशा कानाला छान ऐकू येतं, त्यामुळे घाई कसलीच नाही. करायचं ठरलं तर जास्त खराब कानाचं आधी करा, आणि तो स्थिरावल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू देऊ नका.