मुंबई–न्यूयॉर्क विमान पश्चिमेऐवजी उत्तरेकडे का वळतं?

न्यूयॉर्क मुंबईच्या पश्चिमेला आहे असं फक्त भिंतीवरच्या नकाशात वाटतं; सगळ्यात जवळच्या वाटेने जायचं तर मुंबईहून उत्तर-वायव्येला निघावं लागतं. मर्केटर या नकाशाकाराने बनवलेल्या अशा सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, मोरोक्कोवरून जाते आणि साधारण १४,२०० किमी भरते. आता पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो हेलसिंकीजवळून आणि आइसलँडवरून जाईल, अंतर सुमारे १२,५०० किमी! अक्षांश-रेखांशांवरून गोलीय त्रिकोणमितीने हिशोब केला तरी हेच आकडे येतात. ध्रुवांकडे जाताना एकमेकींजवळ येणाऱ्या रेखावृत्तांना हा नकाशा समांतर ताणतो, म्हणून उत्तरेकडची जवळची वाट त्यावर उगाच लांबचा वळसा दिसते. त्यासाठी नकाशाला खोटा मात्र म्हणू नका. १५६९ साली तो दर्यावर्दींसाठी बनवला होता आणि होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं असेल, तर त्यावरची सरळ रेघ अगदी बरोबर असते. प्रत्यक्ष विमान दोऱ्याच्या वाटेने तंतोतंत जाईलच असं नाही, कारण वारे आणि बंद हवाई हद्दी बघून मार्ग रोज ठरतो.